कोकणातील घरामागे उघड्यावरचा लाकडी डेक: लाकूड कोणते घ्यावे?

परसदार:

नमस्कार. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात आमचे चिऱ्याचे, कौलारू घर आहे. समुद्र तेथून दीड किलोमीटरवर आहे. मी नोकरीसाठी पुण्यात राहतो. आईवडील मात्र कायम गावी असतात. घराच्या मागच्या दारातून अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत आणि वडिलांचे गुडघे आता त्या पायऱ्यांना तयार नाहीत. म्हणून मागच्या दाराच्या उंबऱ्याच्या पातळीलाच, घराला लागून अठरा फूट लांब आणि घरापासून बाहेर बारा फूट रुंद असा लाकडी डेक करावा, असे आम्ही ठरवत आहोत. जमीन उतरती आहे. त्यामुळे जोत्यापाशी डेकखाली फूटभर आणि दूरच्या टोकाला अडीच फूट मोकळी जागा राहील.

भराव घालून वर फरशी बसवणे सोपे पडले असते, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या कोपऱ्यात आजोबांनी लावलेला फणस आहे. त्याच्या मुळांवर दोन फूट माती टाकून ती दाबली तर झाड हळूहळू मरेल, असे गावातील जाणत्यांनी सांगितले. लाकडी डेक मोजक्या पायांवर उभा राहतो, खालून पाणी वाहून जाते आणि झाडाला धक्का लागत नाही. लाकडाचा आग्रह केवळ एवढ्यासाठीच आहे.

अडचण अशी की, ज्याला विचारावे तो वेगळे सांगतो. गावातील सुतार म्हणतात, ऐनाच्या झाडाचे लाकूड वापरा. आमचा जुना गोठा उतरवला तेव्हाचे ऐनाचे बहाल (जाड आडव्या तुळया) पडवीत पडून आहेत, त्यांतूनच बरेचसे काम निभेल. वखारीतून आफ्रिकेतील सागवानाचा आग्रह झाला. पुण्यातील एका विक्रेत्याने उष्णता देऊन तयार केलेले पाइन दाखवले आणि त्याला वाळवी लागतच नाही, असे छातीठोकपणे सांगितले. माझा एक मित्र वास्तुविशारद आहे, तो म्हणतो की लाकडाचा नाद सोडून डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या, फळ्या घाल. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत झड थेट पश्चिमेकडून येते आणि या डेकवर वर छप्पर असणार नाही. अशा ठिकाणी खरोखर काय टिकते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

रंधा:

मी कुडाळ आणि सावंतवाडी परिसरात तीस वर्षे लाकूडकाम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपण विचारले आहे की, लाकूड कोणते. माझे म्हणणे असे की, या प्रश्नाआधी पाणी कोठे साचेल हा प्रश्न सोडवावा लागतो आणि पैसा वरच्या फळीपेक्षा खालच्या सांगाड्यावर आधी खर्च करावा लागतो. चार वर्षांपूर्वी एका घरचा डेक मी उघडला. त्याला तेव्हा जेमतेम चार पावसाळे झाले होते. वरच्या फळ्या सागवानाच्या होत्या, करड्या पडलेल्या, पण ठणठणीत. चालताना एका जागी दबते एवढीच मालकांची तक्रार होती. मी दोन फळ्या काढल्या. खालच्या वाशाची वरची कड काळी पडलेली होती. तिच्यावर पेचकस टेकवून हलकेच दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. त्याच वाशाची खालची बाजू मात्र कोरडी आणि कठीण होती. फळीला वरून आणि खालून वारा लागतो, त्यामुळे ती भिजली तरी वाळते. फळी आणि वासा जेथे एकमेकांना चिकटतात तेथे मात्र पाणी अडकते, स्क्रूच्या भोकातून आत उतरते आणि आठवडेच्या आठवडे तेथेच राहते. कुजवणाऱ्या बुरशीला असा सतत ओलावा मिळाला की दुसरे काही लागत नाही. वासे दिसत नाहीत म्हणून त्या कामात कोणीतरी हलके, पांढरट लाकूड घातले होते, हेही तेव्हाच कळले.

म्हणून प्रत्येक वाशाच्या वरच्या कडेवर, फळ्या ठोकण्यापूर्वी, बिटुमेनची किंवा ब्यूटाइलची चिकटपट्टी लावून घ्या. पट्टी वाशापेक्षा दोन्हीकडे थोडी रुंद असावी, म्हणजे पाणी कडेवरून खाली गळून पडते. हे काम एका दिवसाचे आहे आणि संपूर्ण डेकमध्ये एवढ्या कमी खर्चात एवढा उपयोग देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

आता लाकडाकडे येतो. सागवान उत्तमच; पण जे टिकते ते सागवानाचा गाभा टिकतो. सालीलगतचा फिकट पिवळसर भाग बाहेर उघड्यावर आंब्याच्या लाकडाइतकाच लवकर कुजतो आणि वाळवीही त्याला आवडीने खाते. बल्लारशा किंवा आलापल्लीकडच्या जुन्या झाडांच्या ओंडक्यात गाभा भरपूर मिळतो. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील लागवडीचे सागवान बहुधा कमी वयाचे तोडलेले असते, ओंडका बारीक असतो आणि त्यामुळे फळीच्या एका कडेला पांढरी पट्टी हमखास येते. असे लाकूड वाईट म्हणून टाकून देऊ नये, पण वखारीत स्वतः उभे राहून प्रत्येक फळी उलटून पाहावी आणि पांढरी कड असलेली बाजूला काढावी. ब्रह्मी, म्हणजे म्यानमारचे, सागवान म्हणून जे दाखवतात त्याबद्दल एवढेच सांगतो की, म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. तेव्हा त्या नावाने काही खपवले जात असेल तर कागदपत्रे मागा.

ऐनाबद्दल आपल्या सुतारांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ऐन जड, कठीण आणि ताकदीचा असतो, पण ताजा ऐन वाळताना तडकतो आणि पीळ खातो. डेकच्या वरच्या फळीत ताजा ऐन घातला तर पहिल्याच उन्हाळ्यात चिरा पडतात आणि त्या चिरांमध्ये पुढे पाणी बसते. आपल्या गोठ्याचे बहाल मात्र कित्येक वर्षे वाळलेले आहेत, ते आता हलणार नाहीत. सांगाड्यासाठी यापेक्षा चांगला माल विकत मिळणार नाही, असे मी म्हणेन. फक्त एक गोष्ट मनात ठेवावी. ते बहाल इतकी वर्षे टिकले ते छपराखाली, कोरड्यात. उघड्यावर त्यांची परीक्षा नव्याने सुरू होईल. म्हणून वरची चिकटपट्टी त्यांनाही लागेलच. चिरकाम करण्याआधी जुने खिळे एकूण एक उपटून घ्या, नाहीतर गिरणीवाला पात्याचे नुकसान आपल्या माथी मारील आणि ते योग्यच असेल. बहालाची टोके, विशेषतः जी भिंतीत होती ती, हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर तेवढा तुकडा कापून टाका.

नवा ऐन किंवा सागवान स्वतःच्या बागेतून तोडायचा विचार असेल तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत ही दोन्ही झाडे आहेत. मालकीच्या जमिनीतील झाड असले तरी आधी परवानगी घ्यावी लागते.

उष्णता दिलेल्या पाइनविषयी विक्रेत्याने जे सांगितले ते मला मान्य नाही. साधारण १८० ते २१५ अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यावर लाकूड पाणी कमी पिते, कमी फुगते आणि बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही, हे खरे आहे. परंतु त्याच प्रक्रियेत ते ठिसूळ होते, म्हणून भार पेलणाऱ्या वाशांसाठी ते चालत नाही. आणि वाळवीपासून त्याला भरवशाचे संरक्षण मिळत नाही. युरोपातील थंड गावांत हा दोष जाणवत नसेल, आपल्याकडे तो पहिल्या वर्षीच जाणवतो.

गच्चीवरून:

डब्ल्यूपीसीचा अनुभव मी सांगू शकते, कारण पुण्यात आमच्या गच्चीवर सहा वर्षांपूर्वी आम्ही त्याच फळ्या बसवल्या. वाळवी नाही, तेलपाणी नाही, फाटे निघत नाहीत, ही सर्व आश्वासने खरी ठरली. परंतु एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या फळ्यांवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. लाकूड तापते त्यापेक्षा या फळ्या कितीतरी अधिक तापतात आणि संध्याकाळी उशिरापर्यंत तशाच राहतात. आपला डेक पश्चिमेला आहे आणि वडील बहुधा संध्याकाळीच बाहेर बसतील, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

दुसरे असे की, प्लॅस्टिकमुळे या फळ्या उन्हाने लांबीत वाढतात. तीन मीटरच्या फळीत थंडीतील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांच्यात पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज पडतो. आमच्याकडे कारागिरांनी फळ्यांची टोके एकमेकांना भिडवून बसवली होती. पहिल्याच मे महिन्यात दोन फळ्या मधोमध उचलल्या गेल्या आणि सगळी ओळ सोडवून पुन्हा बसवावी लागली. शिवाय ही फळी लाकडासारखी ताठ नसते. लाकडी फळीला सोळा इंचांवर वासा चालत असेल तर हिला बारा इंचांवर द्यावा लागतो, म्हणजे खालचा सांगाडा उलट वाढतो. घ्यायचीच असेल तर भरीव घ्या. पोकळ फळीत टोकाकडून पाणी शिरते आणि तेथेच राहते.

खारा_वारा:

मी स्थापत्य अभियंता आहे आणि किनाऱ्यावरील कामे पाहतो. वर लाकडाविषयी पुरेसे लिहिले गेले आहे; मी फक्त जोडणीच्या धातूविषयी आणि पायांविषयी लिहितो, कारण समुद्रापासून दीड किलोमीटरवर डेक बहुधा तेथूनच निकामी होतो.

साधे लोखंडी खिळे किंवा पिवळसर मुलामा दिलेले स्क्रू अजिबात वापरू नयेत. ते गंजतात हे तर खरेच, पण सागवान आणि ऐन यांच्यातील टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन प्रत्येक स्क्रूभोवती शाईसारखा काळा डाग पसरतो आणि तो रंध्याने तासूनही पूर्ण जात नाही. स्टेनलेस स्टीलमध्येही ३०४ आणि ३१६ असे दोन दर्जे दुकानात मिळतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या हवेत त्यामुळेच ते तग धरते. ३०४ वर वर्षा-दोन वर्षांत चहासारखे तपकिरी ओघळ दिसू लागतात. पंचवीस मिलिमीटरच्या फळीसाठी साठ-पासष्ट मिलिमीटरचा स्क्रू घ्यावा. ऐनासारख्या कठीण लाकडात आधी ड्रिलने भोक पाडल्याशिवाय स्क्रू फिरवू नये. एकतर फळीचे टोक फाटते, नाहीतर स्टेनलेसचा स्क्रू डोक्याखाली मोडतो.

लोखंडी नळ्यांचा सांगाडा करून त्यावर फळ्या बसवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. चौकोनी नळी बाजारातून गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, आणली तरी जागेवर वेल्डिंग केले की तेथील जस्त जळून जाते आणि खारी हवा नेमकी तेथून सुरुवात करते. संपूर्ण चौकट आधी जोडून नंतर जस्ताच्या तप्त रसात बुडवून आणली, तरच हा मार्ग स्वीकारावा. आपल्याकडे जुना ऐन असताना त्याची गरज मला दिसत नाही.

खांब जमिनीत पुरू नयेत. काँक्रीटचा पाया जमिनीच्या किमान सहा इंच वर आणावा, त्यावर धातूची बैठक बसवावी आणि लाकूड त्या बैठकीवर ठेवावे, म्हणजे लाकडाचे टोक मातीला किंवा काँक्रीटला कोठेही टेकणार नाही. वाळवी आलीच तर पायावरून तिची मातीची नळी डोळ्यांना दिसेल आणि वेळीच मोडता येईल. घराच्या जोत्यालाही डेक जोडू नये. जोत्यापासून इंच-दीड इंच अंतर ठेवून तो स्वतंत्र उभा करावा, कारण चिऱ्याची भिंत पावसाळाभर ओल धरते. फणसाचे मोठे मूळ खोदताना लागले तर मूळ न तोडता पायाची जागा फूटभर सरकवावी. बहाल तेवढे अंतर सहज पेलतो.

दूरदेशी:

मी न्यू जर्सीत राहते. येथे घरामागे लाकडी डेक असणे अगदी सामान्य आहे, म्हणून एक अनुभव सांगते, तो आपल्याला कितपत लागू पडेल ते रंधा यांनी पाहावे. येथे सांगाडा जवळजवळ नेहमी दाबाखाली रसायन मुरवलेल्या पाइनचा असतो. पूर्वी या रसायनात तांबे आणि क्रोमियमबरोबर आर्सेनिक असे. २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते लाकूड बनवणे येथील उद्योगाने थांबवले आणि आता तांब्यावर आधारित दुसरी रसायने वापरली जातात. आमचा आधीच्या मालकांनी बांधलेला डेक जुन्या पद्धतीचा होता. तो पाडला तेव्हा त्याचे तुकडे जाळू नयेत, अशी सक्त सूचना आम्हाला मिळाली, कारण आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते. गावी उरलेले लाकूड चुलीत किंवा बंबाखाली घालण्याची आपली सवय लक्षात घेता, रसायन मुरवलेले लाकूड आणलेच तर त्यात काय आहे हे विचारून घ्या आणि त्याचे तुकडे घरात साठवू नका.

परसदार:

सर्वांचे मनापासून आभार. सांगाडा गोठ्याच्या ऐनाचा आणि वरच्या फळ्या सागवानाच्या गाभ्याच्या, असे आता मनाशी ठरत आले आहे. ३१६ चे स्क्रू मी पुण्यातूनच घेऊन जाईन. दोन शंका उरल्या आहेत. सागवान किती घनफूट घ्यावे आणि कधी घ्यावे? आणि आमचे सुतार काजूच्या टरफलांचे तेल लावा म्हणतात, तर वखारवाले चकचकीत पॉलिश सुचवतात. यांतले कोणते योग्य?

रंधा:

अठरा गुणिले बारा म्हणजे २१६ चौरस फूट. तयार फळी एक इंच जाडीची हवी असेल तर कच्ची फळी सव्वा इंचाची घ्यावी लागते, म्हणजे साडेबावीस घनफूट झाले. पांढऱ्या कडा, गाठी आणि कापाकापी धरून पंचवीस घनफुटांचा हिशेब ठेवा. फळीची रुंदी चार इंचांपेक्षा जास्त घेऊ नका. रुंद फळी दिसायला भारदस्त दिसते, पण पाण्या-उन्हात तीच आधी वाटीसारखी वळते. वासे सोळा इंचांवर घेतले तर बारा फुटी पंधरा वासे लागतील. दोन बाय चार इंचाचे धरले तर ते दहा घनफूट होतात. बारा फुटांचा पल्ला त्या वाशांना एकदम झेपणार नाही, म्हणून त्यांच्याखाली जोत्यालगत, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला असे तीन बहाल द्या. गोठ्याचा माल एवढा भरतो का, ते टेप लावून आधी मोजा.

सागवान दिवाळीनंतर घ्या. पडवीत जमिनीपासून वर, प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून रचून ठेवा आणि काम मार्चमध्ये काढा. तोपर्यंत फळी आपल्या गावच्या हवेशी जुळलेली असेल. मार्चमधील फळी आक्रसलेली असते आणि पावसात ती फुगते, म्हणून दोन फळ्यांमध्ये सहा मिलिमीटर फट ठेवा. सहा मिलिमीटरचा ड्रिल बिट मध्ये उभा धरून फळी लावत गेलात की फट सगळीकडे सारखी येते. वडिलांच्या हातात काठी असेल तर तिचे टोक या फटीत अडकणार नाही एवढे रुंद आहे ना, तेही आधी पाहून घ्या. फणसाची पाने फटीत अडकून कुजतात, ती दर आठवड्याला खराट्याने काढावी लागतील. वाशांपर्यंत पुन्हा ओल जाण्याचा तोच एक मार्ग उरतो.

पॉलिश किंवा वार्निश लावू नका. उघड्यावर त्याचा पापुद्रा एका पावसाळ्यात सुटतो, पाणी त्याच्याखाली शिरते आणि मग सगळे तासून काढण्यावाचून उपाय राहत नाही. काजूच्या टरफलांचे तेल होड्यांना लावतात ते उगाच नव्हे. वाशांना आणि बहालांना, विशेषतः कापलेल्या टोकांना, ते दोन-तीन हात जरूर द्या. मात्र ते अंगावर उडाले तर फोड येतात, म्हणून हातमोजे घालूनच काम करावे. जेथे अनवाणी चालायचे त्या वरच्या फळीला ते मुळीच लावू नये. वरच्या फळीला बाहेरच्या कामासाठी मिळणारे, लाकडात मुरणारे तेल एप्रिलमध्ये एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा द्यावे. तेल दिले नाही तरी सागवानाचा गाभा कुजत नाही, फक्त रुपेरी करडा होतो, तेव्हा एखादे वर्ष चुकले म्हणून काळजी करू नका. आपल्या वडिलांच्या दृष्टीने शेवाळ हा त्याहून मोठा धोका आहे. श्रावणात फळीवर हिरवट झाक दिसू लागली की ताठ ब्रशने फळीच्या रेषांच्या दिशेने घासून घ्यावे. आणखी एक: कौलांच्या पागोळ्या डेकवर ज्या ओळीत पडतील तेथील फळ्या सर्वांत आधी झिजतात आणि शेवाळतातही तेथेच. मागच्या पाखाला पन्हळ बसवून ते पाणी फणसाकडे सोडा आणि ही पन्हळ डेकच्या आधी बसवा, कारण नंतर शिडी टेकवायला नव्या फळ्यांशिवाय जागा राहणार नाही.